ट्रेबेक यांच्या पाहुण्या भूमिकांची दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालकांविषयी लिहिताना भागांची संख्या आणि पुरस्कार यांचा हिशेब मांडला जातो. ॲनिमेशनच्या विनोदी मालिकांत त्यांनी स्वतःच्याच नावाने केलेल्या पाहुण्या भूमिकांची मात्र एका ओळीत बोळवण होते. ॲलेक्स ट्रेबेक यांच्या बाबतीत हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

कॅनडात जन्मलेल्या ट्रेबेक यांनी १९८४ पासून २०२० पर्यंत ‘जेपर्डी’ या अमेरिकी प्रश्नमंजुषेचे आठ हजारांहून अधिक भाग सादर केले. आपली ओळख ‘स्टार’ अशी न करता ‘होस्ट’ अशीच करावी, हा त्यांचा आग्रह होता. मान स्पर्धकाचा, आपण केवळ खेळ पुढे नेणारे, ही त्यांची धारणा होती आणि ती त्यांच्या संयत, नेमक्या बोलण्यात दिसे.

विनोदी लेखकांना हेच गांभीर्य हवे होते. १९९७ मध्ये ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या नाताळच्या भागात कुटुंबावरचे पैशांचे संकट निवारण्यासाठी घरातली आई मार्ज ‘जेपर्डी’त उतरते आणि उणे ५,२०० डॉलरवर पोहोचते. चुकीच्या उत्तराची रक्कम वजा होते, हा खेळाचा खराच नियम. परंतु प्रत्यक्षात उणे गुण असलेला स्पर्धक शेवटच्या फेरीला मुकतो एवढेच, त्याच्याकडून वसुली होत नाही. इथे मात्र ट्रेबेक निघालेल्या मार्जला थांबवून पैसे मागतात, आणि तेही नेहमीच्याच अदबशीर सुरात! त्यांनी आवाज थोडा जरी हास्यास्पद केला असता तरी प्रसंग फसला असता. २००६ मध्ये ‘फॅमिली गाय’ या दुसऱ्या ॲनिमेशन मालिकेत त्यांच्याच तोंडून त्यांचे नाव उलटे वदवून त्यांना अदृश्य करण्यात आले, तेव्हाही त्यांनी तो संयम सोडला नाही.

मार्च २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाची बातमी प्रेक्षकांना स्वतः देताना, करारानुसार आपल्याला अजून तीन वर्षे कार्यक्रम करायचाच आहे, असे ते म्हणाले. कार्टूनमध्ये ऐकलेली विनोदाची जाण ती हीच, आणि म्हणूनच त्या भूमिकांना मी किरकोळ मानत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या दहाच दिवस आधीपर्यंत त्यांनी चित्रीकरण केले होते.

आपल्या पुरवणीत सूत्रसंचालकांवर लेखन येते, त्यात या भूमिकांचा सविस्तर परामर्श घेतला जावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक