तळे माझे, पाणी कुणाचे?

महोदय,

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेचा मी लाभार्थी आहे, हे आधीच सांगतो; नाहीतर अनुदान हुकले म्हणून हा ओरडतो, असे लोक म्हणतील. २०१६ साली योजना आली तेव्हा अनुदान जास्तीत जास्त ५० हजार होते. २०२२ मध्ये नव्या योजनेत ते ७५ हजारांवर गेले. मी ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे घेतले. पोकलेनचे भाडे आणि तळाला अंथरायचा प्लास्टिकचा कागद यांतच अनुदानाच्या दुपटीहून जास्त गेले, पण ते रडगाणे नको.

आमचा पूर्व सिन्नरचा भाग पर्जन्यछायेतला. इगतपुरीत भाताची आवणी चालू असते तेव्हा आम्ही बाजरीसाठी आभाळाकडे बघत असतो. तळे ओघळाच्या तोंडी हवे, हे मलाही कळते. मी ते घेतले माळाच्या उंचवट्यावर, कारण तिथून डाळिंबाच्या ड्रिपला उताराने पाणी जाते. पावसाचे पाणी तिथे चढून येणार थोडेच! सप्टेंबरात विहीर भरली की रात्रीच्या लाइटीवर मोटर लावायची आणि तळे भरून घ्यायचे. विहीर कमी पडली तर बोअर. (२००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. आमच्याकडे ४०० फुटांच्या आत बोअरची गाडी थांबत नाही.) तळ्यात साधारण २० लाख लिटर बसते, म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर. खाली कागद, त्यामुळे थेंब जिरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उडून जाते ते वेगळेच.

खालच्या अंगाला थोरल्या चुलतभावाची विहीर आहे. पूर्वी ती शिमग्यापर्यंत साथ द्यायची, आता संक्रांतीलाच तळ दिसतो. त्यांची जमीन दोन एकर. तळ्यात नऊ-दहा गुंठे घालणार कुठून? वहिनी एकदा तळ्याच्या भरावावर उभ्या राहून म्हणाल्या, “भाऊजी, आमची विहीर इथं आणून ठेवली का?” हसतच म्हणाल्या. मला हसता आले नाही.

सरकारदरबारी मात्र माझे तळे जलसंधारणाचे काम आहे. लांबी-रुंदी मोजली, फोटो काढले. पाणी कुठून भरणार, हे मला कुणी विचारले नाही. योजनेत ‘इनलेट-आउटलेटविरहित’ असा प्रकारच होता. म्हणजे ओहोळाचे पाणी आत शिरायला वाट नसली तरी चालते.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होते, सुकडी खाऊन माती वाहिली. तो तलाव आता निम्मा गाळाने भरलाय, तरी त्याच्या खालच्या विहिरी आमच्यापेक्षा महिनाभर जास्त चालतात. त्याचे पाणी एकाच्या नावावर नाही, म्हणूनच बहुधा त्याचा गाळ काढायला कुणी अर्ज घेऊन धावत नाही.

अनुदान बंद करा, असे मी म्हणत नाही. तळे नसते तर माझी बाग केव्हाच तुटली असती. पण ओघळावर भरणाऱ्या तळ्याला पूर्ण अनुदान द्या, मोटरीवर भरणाऱ्याला कमी. वाचेल तो पैसा बांधबंदिस्तीला आणि जुन्या पाझर तलावांना लावा. आणि तपासणी उन्हाळ्यात नको, सप्टेंबरात रात्री करा. सुरुवात माझ्या तळ्यापासून केली तरी चालेल. मोटरीचा पाइप आत सोडलेलाच असतो.

– एक डाळिंब उत्पादक, ता. सिन्नर, जि. नाशिक
(नाव कळवले आहे, कृपया छापू नये)