तुराट्यांपासून साखर: आधी विजेचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'प्लाझ्माने काडीकचऱ्यातून साखर' अशा मथळ्यांमुळे एका बाजूने तुराट्या टाकल्या की दुसऱ्या बाजूने साखर बाहेर पडते, असा समज होऊ लागला आहे. तसे होत नाही.

काडीतले सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. पण तिच्याभोवती लिग्निनचे, म्हणजे काडीला कडक ठेवणाऱ्या चिवट पदार्थाचे, लिंपण असते आणि एन्झाइमला आत शिरता येत नाही. हे लिंपण फोडणे एवढेच प्लाझ्माचे काम. दोन इलेक्ट्रोडांमध्ये काचेचा किंवा सिरॅमिकचा थर ठेवून उरलेल्या एक-दोन मिलिमीटरच्या फटीतून कोरडा ऑक्सिजन सोडतात आणि काही हजार व्होल्टचा एसी दाब देतात. वायू विजेने भारला जातो, हाच प्लाझ्मा. मंद जांभळा उजेड दिसतो, ओझोन तयार होतो. तो बारीक दळलेल्या काडीतून फिरवला की लिग्निन तुटते, भुसा फिकट पडतो. साखर त्यानंतरची: भुसा धुवायचा, पीएच 4.8 ते 5 ठेवायचा आणि 50 अंशांवर सेल्युलोज तोडणाऱ्या सेल्युलेज एन्झाइमसोबत 48 ते 72 तास हलवत ठेवायचा.

गाडी अडते ती ओलाव्यावर. भुसा खडखडीत असेल तर ओझोन नुसताच वरून निघून जातो, चिंब असेल तर पाण्याच्या जाड थरातून आत पोचत नाही. मुठीत दाबल्यावर तळहात ओलसर लागावा, थेंब पडू नये. भुसा नळीत ठासून भरला की वायू सोपी वाट शोधतो. मग वाटेवरचा भुसा पांढुरका आणि बाकीचा जसाच्या तसा. फिरता ड्रम बरा. नळ्या साध्या रबराच्या नकोत, ओझोनने तडकतात. सिलिकॉन, टेफ्लॉन किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. ऑक्सिजनऐवजी हवा वापरली आणि ती नीट कोरडी नसली, तर नायट्रिक आम्ल तयार होऊन इलेक्ट्रोड खराब होतात. आणि उष्णतेने ओझोन विघटित होतो, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यात टाकीतले कोमट पाणी यंत्र थंड ठेवायला पुरणार नाही, चिलर लागेल. शिवाय धुण्याचे पाणी. ते आपल्याकडे कुठून आणायचे, हा वेगळाच प्रश्न.

आता हिशेब. एक टन कोरड्या काडीत 40 टक्के सेल्युलोज धरले तर पूर्ण विघटनातून सुमारे 444 किलो ग्लुकोज निघेल. 75 टक्के हाती लागले तर 333 किलो, म्हणजे आंबवून साधारण 190 लिटर इथेनॉल. टनाला 50 किलो ओझोन लागला आणि ऑक्सिजनपासून किलोभर ओझोनला 10 युनिट वीज धरली, तर 500 युनिट. युनिटला 8 रुपये दराने 4,000 रुपये, लिटरमागे 21 रुपये. त्यात ऑक्सिजन, चिलर, दळण आणि एन्झाइम धरलेलेच नाही. हवेवर चालवले तर वीज जवळपास दुप्पट. वाफ आणि सौम्य आम्लाच्या जुन्या पद्धतीत 160 ते 200 अंश तापमान लागते आणि यीस्टला मारक फरफ्युरल तयार होते, तो त्रास इथे कमी, हे मात्र खरे.

आणखी एक गोम आकड्यांत असते. '70 टक्के साखर' म्हणजे काडीच्या वजनाच्या की सेल्युलोजच्या? साखर मोजायची नेहमीची डीएनएस चाचणी ग्लुकोजसोबत झायलोज ही काडीतली दुसरी साखरही मोजते, त्यामुळे आकडा फुगतो आणि इथेनॉल मात्र तेवढे निघत नाही, कारण साधे यीस्ट झायलोज आंबवत नाही.

कारखान्यांचा बगॅस (उसाचा चोथा) बॉयलरला लागतो, पाचट शेतातच कुजलेले बरे. प्रयोग करायचाच तर तो तुराट्या आणि डाळिंबाच्या छाटणीवर व्हावा. जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने 5 किलोच्या खेपेपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक खेपेला ओझोनचे ग्रॅम, विजेचे युनिट आणि फक्त ग्लुकोजचे ग्रॅम जाहीर करावेत. खोलीत ओझोन 0.1 पीपीएमच्या वर जाऊ नये. मीटर नसेल तर निदान पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा ओला कागद सांध्यांपाशी धरावा. निळा पडला की आधी यंत्र बंद करायचे.

— एक वाचक, सोलापूर