परवान्याच्या अटी पाठीमागे नकोत

महोदय,

शहरात व्यवसाय करायचा तर परवाना लागतो, हे सहसा कोणाला सांगावे लागत नाही. तो मिळाल्यानंतर काय सांभाळायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. छोट्या व्यावसायिकांचे अर्ज भरून देण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि माझ्याकडे नोटीस घेऊन येणारे बरेच जण रीतसर परवाना काढलेलेच असतात.

अलीकडेच एक छपाई व्यावसायिक असेच आले. दरवर्षी मुदतीत नूतनीकरण, करही वेळेवर, सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या. चूक एवढीच की, त्याच इमारतीत ते शेजारच्या मोठ्या गाळ्यात गेले आणि परवान्यावर जुन्याच गाळ्याचा क्रमांक राहिला. जागा बदलल्यास आधी कळवावे, ही अट परवान्यावर छापलेली होती, पण मागच्या बाजूला. नियमाप्रमाणे दर्शनी भागात लावण्यासाठी त्यांनी तो फ्रेममध्ये बसवला, तेव्हा ती बाजू भिंतीकडे गेली. मी फ्रेम उघडून ती ओळ दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

परवाना साधारणपणे ठरावीक व्यक्तीला किंवा संस्थेला, ठरावीक जागेत, ठरावीक व्यवसायासाठी दिलेला असतो. चालता व्यवसाय विकत घेतला म्हणजे विकणाऱ्याचा परवाना आपोआप आपला होत नाही. ज्वालाग्राही माल साठवायला सुरुवात केली, तर अग्निसुरक्षेची वेगळी परवानगी लागू शकते. करनोंदणी असली म्हणजे परवाना आहे, हा समज तर सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. नियम शहरागणिक बदलतात, म्हणून नव्या जागेची अनामत भरण्यापूर्वीच परवाना विभागाकडे लेखी विचारणा करावी आणि तिची पोचपावती जपून ठेवावी.

व्यावसायिकांनी अटी वाचल्या पाहिजेत, यात शंका नाही. परंतु नियम पाळले जावेत अशी प्रशासनाची मनापासून इच्छा असेल, तर या अटी सोप्या भाषेत परवान्याच्या पुढच्याच बाजूला छापाव्यात आणि नूतनीकरणाच्या अर्जात जागा, मालकी किंवा कामाचे स्वरूप वर्षभरात बदलले आहे का, असा एक स्पष्ट प्रश्न घालावा. त्या छपाई व्यावसायिकाने या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच वर्षी खरे दिले असते.

आपला,
एक वाचक