कार्बोरेटरचा स्क्रू सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रशकटर, चेनसॉ किंवा पाठीवरचा फवारणी पंप नीट चालेनासा झाला की स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरकडे (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे) वळायचे आणि आवाज 'कडक' येईपर्यंत स्क्रू आवळत राहायचे, हा सल्ला आता इतका रूढ झाला आहे की देणाऱ्याला त्यात काही धोका आहे असे वाटतही नाही. तो मानून मी स्वतः एक चांगले इंजिन गमावले, म्हणून हे पत्र.

मुळात 'स्क्रू आवळा' या शब्दांचा अर्थ सगळीकडे एक नाही. वर सांगितलेल्या यंत्रांच्या डायफ्राम (आत लवचिक पडदा असलेल्या) कार्बोरेटरवर बहुधा एल (कमी फेऱ्यांसाठी), एच (जास्त फेऱ्यांसाठी) आणि टी (आयडलिंगसाठी, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवण्यासाठी) असे तीन स्क्रू असतात. त्यांपैकी एल आणि एच आवळले की पेट्रोल कमी होऊन मिश्रण पातळ होते. जुन्या टूस्ट्रोक मोटारसायकलच्या कार्बोरेटरवर, फिल्टरच्या बाजूला असलेला स्क्रू मात्र हवा नियंत्रित करतो; तो आवळला की हवा कमी होऊन मिश्रण उलट घट्ट, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचे, होते.

पेट्रोल कमी पडण्याचा प्रश्न इथे केवळ ताकदीचा नसतो. या लहान टूस्ट्रोक इंजिनांत वंगणाची वेगळी सोय नसते. 50:1 या प्रमाणात, म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे 20 मिलिलिटर, जे तेल आपण मिसळतो, तेच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंगपर्यंत पोहोचते. शिवाय आत येणारे पेट्रोल इंजिनाला काही प्रमाणात थंडही ठेवते. एच स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला की वंगण आणि थंडावा एकाच वेळी आटतात, नेमके त्याच वेळी फेरे वाढतात, आणि पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे पडू लागतात. माझ्या इंजिनाचा आवाज शेवटच्या दिवशी फार सुरेख येत होता. (सुरक्षिततेसाठी तेलच जास्त घालावे, असे काही जण सुचवतात, पण तेलाने पेट्रोलचीच जागा घेतल्यामुळे मिश्रण आणखी पातळ होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.)

जो आवाज दोष समजून घालवला जातो, तोच पुष्कळदा योग्य जुळणीची खूण असतो. भार नसताना पूर्ण रेस दिल्यावर इंजिन किंचित अडखळत, गुरगुरत चालावे आणि पाते गवतात किंवा साखळी लाकडात शिरताच ती गुरगुर नाहीशी होऊन आवाज एकसंध व्हावा. भार नसतानाच आवाज धारदार आणि चढा येत असेल, तर मिश्रण पातळ आहे असे समजून एच स्क्रू तत्काळ थोडा सैल करावा.

काल व्यवस्थित चालणारे यंत्र आज बिघडले असेल, तर स्क्रू आपोआप फिरला असण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून शोध दुसरीकडून सुरू करावा. महिनोन्महिने टाकीत राहिलेले पेट्रोल आधी काढून टाकावे. त्यात इथेनॉल असल्यास ते ओलावा शोषून घेते. यंत्र काही मिनिटे चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचे हवेचे छिद्र बुजलेले असते. सायलेन्सरमधली जाळी काजळीने भरली की ताकद जाते, आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी बसतो. केवळ चोक ओढल्यावरच इंजिन चालत असेल, तर पेट्रोल कमी येत आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरत आहे, एवढे निश्चित. यातली जादा हवा फार फसवी असते. गॅस्केट, कार्बोरेटरमागचा रबरी जोड किंवा क्रँकशाफ्टचे सील यांतून ती ओढली जाते. रेस सोडल्यावरही फेरे लवकर उतरत नाहीत, आयडलिंग एकसारखे राहत नाही आणि यंत्र तिरपे केले की बदलते. अशा इंजिनाची जुळणी स्क्रूने केली, तरी ती दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

हे सर्व तपासल्यावर, एअर फिल्टर स्वच्छ असताना आणि इंजिन पुरते गरम झाल्यावर, मग स्क्रूकडे यावे. एल आणि एच हलकेच टेकेपर्यंत आवळून माहितीपुस्तिकेत दिलेले फेरे, बहुधा एकाच्या आसपास, सैल करावेत; जोर लावल्यास स्क्रूच्या सुईचे टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. आधी एल अशा जागी आणावा की रेस देताच इंजिन न अडखळता उचल घेईल, नंतर टी फिरवून आयडलिंग इतके ठेवावे की पाते किंवा साखळी फिरणार नाही, आणि एच सर्वांत शेवटी, शक्यतो टॅकोमीटर (फेरे मोजणारे उपकरण) लावून आणि पुस्तिकेतील कमाल फेऱ्यांची मर्यादा न ओलांडता जुळवावा. टॅकोमीटर नसेल, तर एच थोडा सैलच राहू द्यावा. काळवंडलेला प्लग बदलता येतो.

एवढे करूनही जुळणी होत नसेल, तर कार्बोरेटर उघडून डायफ्राम पाहावा. तो मऊ आणि लवचिक हवा. बोटाने दाबल्यावर कडकड वाजत असेल तर गॅस्केटसह बदलावा. जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात) मात्र तार घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले, तरी पुढे कोणताही स्क्रू ती चूक भरून काढू शकत नाही.

आपला,
एक वाचक