गोकाकचे पाणी, बिडदीचे पाळणे आणि तुम्हा दोघांना आग्रहाचे बोलावणे

वडगाव, बेळगाव
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांना हल्ली फोनवरचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि आई अर्धे ऐकूनच काळजी करू लागते, म्हणून सईला घेऊन केलेल्या दोन्ही सहलींची हकीकत पत्रातूनच सविस्तर कळवतो आहे. आईने विचारले होते, की ऐन श्रावणात, नदी भरून वाहत असताना, नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन तू एकटाच धबधब्यावर कशाला गेलास. आणि बाबांनी विचारले होते, की घरापासून दोन तासांवर एवढा मोठा धबधबा असताना बेंगळुरूला जाऊन पाळण्यात बसायला पैसे कशाला मोजलेस. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना माझ्याकडे उत्तर आहे.

आधी आईचे सांगतो. गोकाकचा धबधबा पाहायचा तर तो पावसाळ्यातच पाहावा लागतो. चंदगडच्या बाजूने येणारी घटप्रभा हिडकलला धरणात अडवलेली आहे, पुढे तिचे पाणी कालव्यांना वळते, आणि त्यामुळे उन्हाळ्यात कड्यावर जे काही उरते ते पाहायला मुलाला एवढ्या लांब नेण्यात अर्थ नसतो. धरण भरत आले आणि पाणी सोडू लागले, की मात्र घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्या कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नदी एकदम खाली येते. उंची 52 मीटर आहे. हा आकडा सईला मी घरून निघतानाच सांगितला होता, पण आकडा सांगून तिला काहीच कळले नव्हते. कठड्याशी उभे राहिल्यावर ती काही वेळ बोललीच नाही. पाणी गुळाच्या पाकासारखे तांबूस होते, खालून उठलेले तुषार वर आमच्या चेहऱ्यावर येत होते, माझा चष्मा मी पुसायचो आणि तो लगेच पुन्हा धुरकट व्हायचा. शेवटी सईने माझा सदरा ओढून कानाशी तोंड आणून विचारले, "बाबा, हे रात्रीपण असंच पडतं?" पडते, म्हणालो. त्यानंतर ती जेवढ्या वेळा त्या पाण्याकडे बघायची, तेवढ्या वेळा मला तिच्या डोळ्यांत तो प्रश्न पुन्हा दिसायचा.

आई, तुझी भीती निराधार आहे असे मी मुळीच म्हणत नाही. दर पावसाळ्यात अशा ठिकाणी कोणी ना कोणी वाहून गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्यातले बरेचसे पोहता येणारे, धडधाकट तरुण असतात. पाणी शांत दिसत असतानाच फसवते. वर धरणातून किंवा बंधाऱ्यातून पाणी सोडले, की आत्तापर्यंत कोरडा असलेला खडक थोड्याच वेळात पाण्याखाली जातो, आणि खडकावरचे शेवाळ तर चांगल्या चपलेलाही दाद देत नाही. म्हणून मी सईशी घरीच ठरवून टाकले होते, की कठड्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, आणि उतारावर माझा हात सोडायचा नाही. तिथे सूचनेचा कानडी फलक आहे. तो तिने शाळेत शिकलेल्या कानडीच्या जोरावर मोठ्याने वाचला आणि मला मराठीत अर्थ सांगितला. आपण स्वतः वाचलेला नियम मूल जास्त पाळते, हे मला त्या दिवशी दिसले. फलक वाचल्यानंतर उलट तीच मला दोनदा मागे ओढत होती. झुलत्या पुलावर आम्ही गेलोच नाही. सुमारे 200 मीटर लांबीचा तो पूल बाजूने पाहिला, नदीकाठच्या महालिंगेश्वराच्या जुन्या चालुक्यकालीन देवळात थोडा वेळ बसलो, डबा खाल्ला आणि निघालो.

परत येताना गोडचिनमल्कीला वळलो, आणि मला विचाराल तर सईच्या मनात जास्त तेच राहिले आहे. तिथे नदी एका उडीत खाली येत नाही. आधी सुमारे 25 मीटर उतरते, मग सपाट खडकावरून थोडे चालते आणि पुन्हा 18 मीटर उतरते. ही मार्कंडेय नदी. बाबा, सईला मी सांगितले, की राकसकोपच्या तलावात अडवून आपल्या बेळगावला नळाने येते ती हीच. कंग्राळीच्या, कडोलीच्या शिवारातून आपण जिच्यावरच्या पुलावरून जातो ती हीच. तिचा विश्वास बसेना. "आपली मार्कंडेय एवढी?" असे तिने दोन-तीनदा विचारले. घरच्या नळाचे पाणी आणि समोर कोसळणारे पाणी एकाच नदीचे आहे, ही गोष्ट तिला इतकी पटली, की घरी आल्यावर दोन दिवस ती नळ सोडून त्याच्याशी बोलत होती. पुढे गोकाकजवळ ही नदी घटप्रभेला मिळते, म्हणजे आम्ही सकाळी आणि दुपारी पाहिलेले पाणी शेवटी एकच होते. आई, तुझ्यासाठी गोकाकचे करदंट घेतले आहे, गुळातले, डिंक जास्त असलेले. दादाकडे कोणी जाणारे भेटले की पाठवतो. रेश्माला बँकेच्या कामामुळे येता आले नाही, म्हणून निम्मे तिने आधीच बाजूला काढून ठेवले आहे.

आता बाबांचा प्रश्न. गोकाकला उभा असताना मला सतत तुमची आठवण येत होती, कारण हा धबधबा तुम्ही मला लहानपणी देखावा म्हणून कधी दाखवलाच नाही. तुम्ही केईबीच्या, म्हणजे कर्नाटक वीज मंडळाच्या, नोकरीतले. तुम्ही मला आधी काठावरची गिरणी दाखवली होती आणि मग पाणी. 1887 सालापासून या पाण्याच्या जोरावर इथे कापसाचे सूत निघू लागले, उंचावरचे पाणी नळातून खाली सोडून चक्र फिरवायचे आणि त्या चक्रावर गिरणी चालवायची, हे तुम्ही रस्त्यावरच्या मातीत काडीने आकृती काढून समजावले होते. तशीच आकृती मी सईला काढून दाखवली. तिला नळ समजला, चक्र समजले, पण पाणी नुसते खाली पडते म्हणजे त्याच्यात जोर कुठून येतो, हे काही तिच्या गळी उतरेना. उंचीत जोर साठलेला असतो, असे मी सांगितले. तिने मान हलवली, पण ती मान समजल्याची नव्हती.

बेंगळुरूच्या पाळण्यांवर खर्च केलेले पैसे वाया गेले नाहीत असे मी म्हणतो ते यासाठी. शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली तेव्हा आम्ही रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बसलो आणि सकाळी बेंगळुरूला उतरलो. तिथून म्हैसूर रस्त्याने बिडदीजवळ वंडरला हे मोठे उद्यान आहे, 2005 साली सुरू झालेले. आत पाण्याचे खेळ वेगळे आणि कोरडे पाळणे वेगळे. प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी उंची मोजायची खूण असते आणि त्या खुणेपर्यंत मुलाचे डोके पोहोचले नाही तर रडले तरी आत घेत नाहीत. सईला अशा काही ठिकाणांहून परत फिरावे लागले. ती हिरमुसली खरी, पण मला त्या माणसांचे कौतुक वाटले. ज्या पाळण्यांवर तिला घेतले, तिथे कामगाराने छातीवरचा दांडा खाली आणला, खटका लागल्याचा आवाज ऐकला, मग हाताने दोनदा वर ओढून पाहिला आणि तेव्हाच पुढच्या खुर्चीकडे गेला. आई, हे मी मुद्दाम लिहितो आहे. पाण्याच्या खेळांना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, आणि घसरगुंडीच्या टोकाला पाणी उथळ ठेवून एक माणूस उभा असतो, जो आधीचे मूल बाजूला झाल्याशिवाय पुढच्याला सोडत नाही.

पण मला सांगायचे आहे ते रोलर कोस्टरबद्दल. त्याचा डबा रुळांवरून एका उंच टोकापर्यंत साखळीने ओढत नेतात, आणि तेवढेच काम मोटारीचे. टोकावरून तो सुटला, की पुढची सगळी वळणे, चढ, उतार तो आपल्या आपण पार करतो. आम्ही रांगेत बराच वेळ उभे होतो, त्यामुळे डबा वर चढताना साखळीचा कट-कट आवाज आणि माथ्यावर पोहोचताच तो आवाज थांबल्याचे आम्हाला नीट ऐकू येत होते. सई ते पाहत होती. एकदम म्हणाली, "बाबा, मोटार बंद आहे, मग हा पळतो कसा?" मी काही सांगायच्या आतच तिने स्वतः उत्तर दिले, "वरून आला म्हणून. गोकाकसारखा." मग तिने हेही हेरले, की पुढची प्रत्येक चढण पहिलीपेक्षा ठेंगणी आहे. डब्याची चाके रुळांवर घासतात, वारा अडवतो, त्यात थोडा थोडा जोर खर्च होतो, म्हणून तो पहिल्या उंचीपर्यंत परत पोहोचू शकत नाही, हे तिला मी सांगितले आणि या खेपेला तिने मान हलवली ती समजून हलवली. गोकाकच्या मातीत काडीने काढलेली आकृती तिला बिडदीच्या रांगेत उमगली. आधी धबधबा पाहिला नसता तर रोलर कोस्टर म्हणजे तिच्यासाठी नुसती किंकाळी ठरली असती, आणि रोलर कोस्टर पाहिला नसता तर उंचीत जोर असतो हे माझे वाक्य तिने पाठ करून ठेवले असते. बाबा, मुलाला कळावे म्हणून तुम्ही आम्हाला किती ठिकाणी पायपीट करून नेलेत, ते मी विसरलेलो नाही. त्याच हिशेबाने मी हे पैसे खर्च केले.

गाडीत परतीच्या वाटेवर मात्र तिने मला असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर तुम्हीच द्यावे असे मला वाटते. तिचे म्हणणे असे, की डब्याला पुन्हा वर न्यायला मोटार आहे, मग गोकाकचे पाणी पुन्हा वर कोण नेते? मी सूर्य, वाफ, ढग असे शाळेच्या पुस्तकातले सांगू शकलो असतो. पण तिने लगेच पुढे जोडले, "हे आजोबांना विचारूया, त्यांना गिरणीचं पण माहीत आहे." तेव्हा हे काम मी तुमच्यावर सोपवतो. तिला पत्राने उत्तर द्या, ती स्वतः वाचेल. अक्षर थोडे मोठे काढा. चंदगड-आंबोलीच्या पावसापासून सुरुवात केलीत तर तिला नकाशावर बोट ठेवून बघता येईल.

आणि आता बोलावणे. पुढच्या दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर यायचे. उद्यानात तुम्हाला बसवायला नेत नाही. आईला ती गर्दी आणि तो गोंगाट सोसणार नाही. बिडदीच्या पुढे तोच रस्ता धरून आपण शिवनसमुद्रला जाऊ. कावेरीचे ते दोन धबधबे, गगनचुक्की आणि भरचुक्की. बाबा, तुम्ही केईबीत असताना ज्या केंद्राचे नाव आदराने घ्यायचा ते तिथेच आहे. शेषाद्री अय्यरांच्या पुढाकाराने उभे राहिलेले, 1902 साली सुरू झालेले, जिथली वीज दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली आणि पुढे 1905 साली बेंगळुरूचे रस्ते उजळले. आयुष्यभर तुम्ही तारा जोडल्यात आणि त्या तारांचे एवढे जुने मूळ एकदाही पाहिले नाहीत, हे मला बरे वाटत नाही. सईला ते तुमच्या तोंडून ऐकू द्या. मी सांगितले तर ती माहिती होते. तुम्ही खांबावर चढल्याची, पावसात तार जोडल्याची गोष्ट त्यात मिसळली की ती तिला आठवत राहील.

आईच्या गुडघ्यांचा विचार मी केला आहे. गगनचुक्की वरच्या कट्ट्यावरून समोर दिसतो, तिथे उतरावे लागत नाही. भरचुक्कीला पायऱ्या आहेत, त्या मी आणि सई उतरू, तुम्ही वर सावलीत बसा. वाटेत मद्दूर लागते. आई, तिथला वडा तुझ्या हातच्या वड्यासारखा मऊ नसतो, चांगला कुरकुरीत आणि कांद्याचा असतो. तुला आवडेल असे रेश्माला वाटते. रात्रीच्या प्रवासाची चिंता नको. ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत 2020 पासून बंद झाली आहे, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे, तो मागता येतो. आरक्षण उघडले की त्याच दिवशी काढावे लागेल, नाहीतर दसऱ्याच्या गर्दीत जागा मिळत नाही.

दादाला आणि वहिनींना नमस्कार, बाळाला पापा. बाबांच्या कानाच्या यंत्राचे दादाने कुठवर आणले ते लिहा. आणि बर्थ एकाच डब्यात चौघांचे काढू की रेश्माला धरून पाच, आणि दिवाळीला तुम्ही बेळगावला परत येणार की तिथूनच पाडवा करणार, एवढे दोन्ही या आठवड्यात कळवा.

तुमचा,
महेश