विंडोज बदलण्याआधी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर मी विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई फोन दुसऱ्या कानाला लावते, म्हणून या वेळी लिहून कळवते आहे. तुमच्या संगणकावर विंडोज 10 च्या जागी विंडोज 11 घालायचे मी ठरवले आहे आणि ते काम मी पुढच्या महिन्यात घरी आल्यावर स्वतः करणार आहे. दादाशी माझे बोलणे झाले आहे. त्याचे मत नेहमीप्रमाणे नवाच घेऊन टाकावा असे पडले, पण मी त्याला नको म्हटले. त्याची कारणे पुढे येतीलच, कारण तुम्हाला ती पटल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबा, जे चालते आहे त्याला हात लावू नये हा तुमचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे आणि एरवी मी तो पाळतेही. परंतु विंडोज 10 ला मिळणारी सुरक्षेची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, त्यामुळे तुम्हाला काहीच बदललेले दिसत नाही. मात्र त्यानंतर त्या प्रणालीत जी भोके सापडतील ती बुजवण्याची जबाबदारी आता कोणावर नाही, आणि याच संगणकावरून तुम्ही बँकेचे खाते पाहता. तूर्त काळजी नको, कारण मी एक वर्षाची मुदतवाढ लावून ठेवली आहे. ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालेल. पैसे न भरता ती मिळवायचा एक मार्ग म्हणजे संगणकाच्या सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवू देणे. आईला मी त्या दिवशी ईमेलचा पासवर्ड विचारला तो एवढ्यासाठीच. पण मुदतवाढ संपल्यावर घाईने करण्यापेक्षा आत्ता निवांतपणे केलेले बरे, असे माझे मत आहे.

फोटो आणि कागदपत्रे यांची मला फारशी धास्ती वाटत नाही, कारण ती कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यांची प्रत सगळेच काढतात. माझा जीव अडकला आहे तो सेटिंग्जमध्ये. बाबांच्या उजव्या हाताचे ते झाल्यापासून माउस डावीकडे आला, त्याची बटणे आपण उलटी केली आणि दोन क्लिकमधले अंतर वाढवले. विंडोज मुळात हे अंतर 500 मिलिसेकंद धरते. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरे क्लिक झाले नाही, तर फोल्डर उघडत नाही, नुसता निवडला जातो. आपण ते शेवटच्या टोकाला, 900 वर नेऊन ठेवले आहे. बाणही मोठा केला आहे आणि अक्षरेही. आता समजा कोणी प्रणाली बदलताना हे सगळे पुसून टाकले, तर बाबा, तुम्ही फोल्डरवर क्लिक कराल, तो उघडणार नाही, आणि संगणकात काही बदलले असेल हे मनात न आणता तुम्ही हात पुन्हा बिघडला असे धरून चालाल. मला सांगणारही नाही. मी तुम्हाला ओळखते.

म्हणूनच "फॉरमॅट मारून देतो, तासाभराचे काम आहे" असे सांगणाऱ्या कोणाच्याही हाती संगणक द्यायचा नाही. फॉरमॅट मारला की संगणक काही दिवस चपळ वाटतो हे खरे आहे, पण त्या चपळाईसाठी सगळे प्रोग्राम आणि आपण लावलेली घडी जाते. मी जुन्यावरच नवी प्रणाली चढवणार आहे, आणि चढवताना ती काय ठेवायचे असे विचारेल, तेव्हा वैयक्तिक फायली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडणार आहे. असे केले की तुमचे वापरकर्ता खाते तेच राहते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्या खात्याशी कुलूपबंद असतात, त्यामुळे नुसता फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेला तर फोल्डर जातो, पण कुलूप उघडत नाही. नव्या संगणकाला मी नको म्हटले त्यामागे हेही एक कारण होते. दुसरे कारण असे की आपला संगणक विंडोज 11 ला चालतो. त्याचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, डिस्कवर पुरेशी जागा आहे आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय त्यात आहे, फक्त ती बंद करून ठेवलेली आहे, ती मी सुरू करीन.

तरीसुद्धा "आपोआप सगळे राहते" या शब्दावर मी विसंबणार नाही. सुरुवातीला संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेईन आणि ती डिस्क लगेच सोडवून कपाटात ठेवीन. प्रणाली चढवताना काही विपरीत घडलेच, तर त्या प्रतिमेवरून आजचा संगणक आजच्यासारखा उभा करता येतो. मात्र त्या प्रतिमेतून जुनी विंडोजही परत येते, त्यामुळे नव्या प्रणालीत सेटिंग्ज आणायला तिचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळ्या, सुट्या प्रती काढाव्या लागतात, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर पेन ड्राइव्हवर ओढले की बॅकअप झाला असे त्यांना वाटते, पण वापरकर्त्याच्या फोल्डरात ॲपडेटा नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो आणि सगळी मेख त्यात असते.

आई, तू पडद्यावर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, ज्यात बाबांच्या गोळ्यांच्या वेळा आहेत आणि तुझ्या बहिणींचे वाढदिवस आहेत, त्या डॉक्युमेंट्समध्ये कुठेच नाहीत. त्या ॲपडेटामध्ये चारपाच पायऱ्या खाली "प्लम" नावाच्या एकाच फाइलमध्ये आहेत. मी ती फाइल काढून ठेवीन, चिठ्ठ्या तुझ्या खात्याशीही जोडीन आणि एवढे करूनही आपण दोघी त्या कागदावर उतरवून फ्रिजवर लावू, कारण गोळ्यांच्या बाबतीत मला संगणकावर अवलंबून राहायचे नाही. बाबांनी लिहिताना शब्दकोशात घातलेली आडनावे आणि शब्दही त्याच लपलेल्या फोल्डरात असतात. इतक्या वर्षांचे ते काम आहे. ते गेले तर प्रत्येक ओळीखाली पुन्हा लाल रेघा येतील आणि तुमचे डोके फिरेल.

फॉन्टचे विसरले नाही, बाबा. तुमचे जुने लेखन युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. फाइल शाबूत असली आणि फॉन्ट नसला, तर पडद्यावर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो, आणि माणसाला वाटते फाइलच बिघडली. हे फॉन्ट दोन जागी असू शकतात: विंडोजच्या सामायिक फॉन्ट फोल्डरात, किंवा फक्त तुमच्यापुरते घातले असतील तर पुन्हा त्या लपलेल्या ॲपडेटामध्ये. मी दोन्हीकडून उचलणार आहे. सवडीने तुमचे ते सगळे लेखन युनिकोडमध्ये आणायलाच हवे, पण तो वाद या पत्रात नको.

माउसची सेटिंग्ज विंडोज रजिस्ट्री नावाच्या स्वतःच्या नोंदवहीत ठेवते. त्या नोंदवहीची हवी तेवढी फांदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येते. मी मागच्या वेळी ती काढून नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. तिच्यात "स्वॅप माउस बटन्स" या नावापुढे 1 आहे आणि "डबल क्लिक स्पीड" या नावापुढे 900. तुमच्या डाव्या हाताची सगळी सोय त्या दोन ओळींत आहे. प्रणाली चढवल्यावर हे आकडे जागेवर असतील तर मी काहीच करणार नाही. नसतील, तर तेवढीच फांदी परत घालीन. जुनी नोंदवही पूर्ण उचलून नव्या प्रणालीवर ओतण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यातून जी गुंतागुंत होते ती निस्तरण्यापेक्षा सगळे हाताने लावलेले परवडते. जे गेले असेल तेवढेच, एकेक करून परत आणायचे, हे माझे धोरण आहे.

आणि प्रत काढली म्हणजे झाले, असेही नाही. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री बाबा माझे दप्तर भरत, मग सगळे पुन्हा पलंगावर काढून यादीशी ताडून पाहत, आणि आई म्हणे की पोरीला झोपू तरी द्या. मला त्या वेळी खूप राग येई. बॅकअपचेही तसेच करावे लागते: त्यातल्या दोनचार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये. माझा लॅपटॉप मी त्यासाठीच बरोबर आणणार आहे.

आता वेगळे काय दिसेल ते सांगते, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. स्टार्टचे बटण खाली मधोमध जाईल, पण ते मी पहिल्याच दिवशी डाव्या कोपऱ्यात आणून ठेवीन. उजवे क्लिक केल्यावर येणारी यादी आखूड असेल आणि जुनी यादी तिच्याच तळाच्या एका ओळीत लपलेली असेल. बाबा, तुमच्या बाबतीत उजवे म्हणजे डावे, हे माझ्या लक्षात आहे. आई, एक गोष्ट मात्र मी वाचवू शकणार नाही. स्टार्टमध्ये तू रांगेने लावलेल्या मोठ्या रंगीत टाइल्स विंडोज 11 मध्ये नाहीत, आणि विंडोज 10 मध्ये तिथे जे पिन केलेले असते ते चढवताना पुढे येतही नाही. तुझ्या सगळ्या चौकटींचा फोटो मी आधी काढून घेईन आणि त्याच क्रमाने नवी चिन्हे लावीन. ती लहान असतील आणि हलणार नाहीत, पण पत्त्यांचा डाव पहिल्या जागेवरच असेल. अक्षरांचा आकार दोघांना आहे तेवढाच राहील. आणखी वाढवावासा वाटला, तर मजकूर मुळाच्या सव्वादोन पटीपर्यंत मोठा करता येतो.

तरीही नाहीच आवडले, तर परत फिरण्याची वाट मोकळी आहे. जुनी विंडोज एका वेगळ्या फोल्डरात राहते आणि 10 दिवसांपर्यंत सेटिंग्जमधल्या एका बटणाने मागे जाता येते. एक आज्ञा देऊन ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता येते आणि ती मी चढवल्याबरोबर वाढवीन, म्हणजे तुम्हाला खरोखर वापरून ठरवता येईल. बाबा, त्या काळात जागा मोकळी करण्याची तुमची हौस कृपा करून आवरा. डिस्क क्लीनअपमध्ये "आधीची विंडोज" असे काही दिसले आणि तुम्ही ते पुसले, तर परतीची वाटच पुसली जाईल.

आता मी येईपर्यंत काय करायचे ते ऐका, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही. पूर्ण पडदाभर "अपग्रेड करा" असा निरोप आला, तर नंतर करण्याचा पर्याय निवडायचा. तो सापडला नाही तर काहीही न दाबता मला फोन करायचा, कितीही वाजले असले तरी. संगणक सुरू करताना तुम्ही जो चार आकडी पिन घालता तो पासवर्ड नव्हे. टीपीएम सुरू करताना तो पिन चालेनासा होऊ शकतो आणि तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो आईच्या वहीत आहे ना, हे पाहून ठेवा. नसेल तर आपण तो आधी बदलून घेऊ. डिस्क कुलूपबंद झालेली असेल, तर तिची 48 आकडी किल्ली लागते. ती मी खात्यातून काढून छापीन, तुम्ही ती शोधत बसू नका. आणि विंडोजच्या मदत केंद्रातून बोलतो आहे असे सांगणाऱ्या कोणाचाही फोन आला, तर तो कितीही गोड बोलला तरी फोन ठेवायचा. आई, विशेषतः तू. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ऐकत बसू नकोस.

रोज डोळ्यांत थेंब घातल्यावर थोडा वेळ पडद्यापुढे बसू नका, हे डॉक्टरांनी सांगितलेले मी पुन्हा लिहिते आहे, कारण दादा म्हणाला की बाबा थेंब घालून थेट संगणकापाशी जातात. हे सगळे मी तुमच्यावर लादते आहे असे वाटले, तर आल्यावर रागवा, पण आधी रुसून बसू नका. मला शक्य असते तर मी ही घडी मोडूच दिली नसती. तुमच्या शेजारी बसूनच ती बदलायची, म्हणून तर रजा काढली आहे.

तुमची,
चिंगी

ता. क. प्रिंटर आणि स्कॅनर यांच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर मॉडेलचे नाव असते. त्या दोन्हींचा फोटो आईने उद्याच पाठवावा. नव्या प्रणालीसाठी त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना संगणकाशी जोडणारे प्रोग्राम, मिळतात का, ते मी निघण्याआधीच पाहून उतरवून आणीन. स्कॅनर फार जुना आहे आणि त्याची मला थोडी शंका आहे, पण बाबांना हे आत्ता सांगू नकोस.