मनूच्या अकरावीबद्दल

जळगाव

प्रिय सुभाष,

राम राम. मनू नीटच्या क्लासला जायला नाही म्हणते, तिला शास्त्रज्ञ व्हायचंय, म्हणून तुमच्या घरात एवढं सुतक कशाला? पोरगी शहाणी आहे.

फक्त एक ऐक, तिला गणित सोडू देऊ नको. आपल्याकडे जीवशास्त्र घेतलं की गणित टाकायची रीतच पडली आहे. आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या संस्था. त्यांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे १५-१५ प्रश्न असतात, ३ तासांत ६०. गणित टाकलेल्यालाही बसता येतं, पण पाव पेपर हातचा जातो. पुण्याची आयसर २००६ पासून आहे. बारावीनंतर ५ वर्षांत बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्रच. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा.

तिथं नंबर लागला नाही की आपली माणसं पोराचा खेळ संपला असं धरून चालतात. मला ते मुळीच पटत नाही. जळगाव, अमळनेर, धुळे, कुठंही बीएस्सी करावी आणि शेवटच्या वर्षाला जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी. त्यावर आयआयटीत एमएस्सी मिळते. वनस्पतीशास्त्राचा पेपर त्यात नाही, जैवतंत्रज्ञानाचा आहे. मनूला तो चालेल. पुढे नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, म्हणजे पीएचडीसाठी तुला केळीच्या पट्टीची वाट बघायला नको. कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारतीवर भाळू नको. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठ आणि विचार, प्रयोग स्वतः करता की सर करून दाखवतात? जिथं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून जर्नल उतरवतात, तिथं फी भरू नको.

माझं तुला माहीतच आहे. बीएस्सी झाली आणि टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत रोपं वाढवायच्या, लॅबमध्ये चिकटलो. दिवसभर लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर, बसून केळीचे कोंब कापायचे, १२१ अंशावर मीडिया, म्हणजे रोपांचं खाद्य, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक करायचा, बाटलीत बुरशी दिसली की फेकायची. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूपायी रावेर-यावलकडे लोकांनी उभ्या बागा उपटल्या. तेव्हापासून मातृरोपात विषाणू नाही ना, याची तपासणी किती महत्त्वाची असते ते सगळ्यांनाच कळलं. काम मला आवडतं, आणि तेही विज्ञानच आहे. पण शोधायचं काय, ते पीएचडीवाला ठरवतो. मला एखादी शंका आली तर ती चहाच्या वेळी बोलायची. पगारापेक्षा हे जास्त टोचतं, म्हणून लिहिलं.

तुझ्या पुतण्याचं वेगळं. त्यानं फिटरचा आयटीआय केलाय ना? भाभा अणुसंशोधन केंद्र आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सीवाल्यांना विद्यावेतन देऊन प्रशिक्षणाला घेतं. जाहिरात निघाली की त्याला अर्ज करायला लाव. हातात कसब असलेल्या पोरानं उगाच बीएस्सीची ३ वर्षं घालवू नयेत. मनूला मात्र प्रत्येक गोष्टीचं 'का' लागतं, तिला माझ्या वाटेनं धाडू नको.

वहिनींना नमस्कार. रविवारी मनूला घेऊन ये, लॅब दाखवतो. बांगड्या, घड्याळ काढून आत जावं लागतं, तिला आधीच सांग. आणि अकरावीच्या अर्जात विषय भरण्याआधी मला फोन कर.

तुझा,
प्रकाश